प्रतिस्पर्ध्यांचे गुरू

आपल्या संघाकडे फुटबॉलचा शौकीन प्रेमाने पाहतो. प्रतिस्पर्ध्याकडे मात्र तो डोळ्यांत तेल घालून पाहतो. शेजारच्या घरी नवे मास्तर शिकवणीला येऊ लागले, की ते कोण, कोठले, त्यांची शिकविण्याची रीत कोणती आणि त्यांच्या हाताखाली शेजारचा मुलगा आपल्या मुलाच्या पुढे तर जाणार नाही ना, अशी चौकशी घरात हळूच सुरू होते. प्रतिस्पर्धी संघाने प्रशिक्षक बदलल्याची वार्ता आली म्हणजे शौकिनाच्या मनात नेमकी हीच चौकशी चालू होते. त्यातून ते मास्तर कालपर्यंत आपल्याच घरी शिकवीत असतील, तर त्या चौकशीला थोडी कडवट चव येते. ही चव भारतात कोणास पुरेपूर ठाऊक असेल, तर ती गोव्याच्या फुटबॉलप्रेमी माणसास होय.

मडगावलगत फातोर्डा येथील मैदान हे एफसी गोवा या संघाचे घर. इंडियन सुपर लीग ही स्पर्धा २०१४ साली सुरू झाली, तेव्हापासून हा संघ तीत खेळत आला. पहिली तीन वर्षे ब्राझीलचा थोर खेळाडू झिको हा त्याचा प्रशिक्षक होता. देखण्या खेळाबद्दल या संघाचा लौकिक झाला, साखळीत त्याने अनेकदा वरचे स्थान मिळविले, २०१५ आणि २०१९ साली अंतिम सामनाही गाठला. परंतु २०२४-२५ पर्यंतच्या अकरा हंगामांत अंतिम विजयाचा चषक त्याच्या हाती एकदाही आला नाही. उलट, त्याच अवधीत गोव्याचे दोन माजी प्रशिक्षक दुसऱ्या संघांना तो चषक जिंकून देते झाले. २०२१ साली सर्जिओ लोबेरा याने तो मुंबई सिटीला मिळवून दिला. २०२३ साली हुआन फेरांडो याने एटीके मोहन बागानला. आणि दैवाचा विनोद असा, की हे दोन्ही अंतिम सामने फातोर्ड्याच्याच मैदानावर झाले.

तेव्हा गोव्याच्या शौकिनाने असा निष्कर्ष काढला, की आपले गुरू गेले आणि त्यांच्याबरोबर आपले यशही गेले, तर त्याला सहसा कोणी दोष देणार नाही. परंतु हा निष्कर्ष कितपत खरा आहे, हे तपासून पाहण्यासारखे आहे. त्यासाठी प्रथम या स्पर्धेची घडण ध्यानात घेतली पाहिजे.

२०२४-२५ पर्यंत स्पर्धेचे दोन भाग असत. पहिला भाग साखळीचा. त्यात प्रत्येक संघ प्रत्येक संघाशी खेळतो. विजयास तीन गुण, बरोबरीस एक गुण. २०१९-२० च्या हंगामापासून साखळीत पहिल्या येणाऱ्या संघास ढाल देण्याची प्रथा पडली. दुसरा भाग बाद फेरीचा. २०२१-२२ पर्यंत साखळीतील पहिले चार संघ उपांत्य फेरीत जात. २०२२-२३ पासून सहा संघांना प्रवेश मिळू लागला: पहिले दोन थेट उपांत्य फेरीत, आणि तिसरा सहाव्याशी व चौथा पाचव्याशी एकच सामना खेळून तेथवर पोचणार. उपांत्य फेरी दोन सामन्यांची, एक आपल्या घरी व एक दुसऱ्याच्या घरी, आणि दोन्ही सामन्यांतील गोलांची बेरीज करून निकाल. त्यानंतर अंतिम सामना.

शाळेचा दाखला घेतला तर हा भेद चटकन समजेल. साखळी म्हणजे वर्षभराची हजेरी, तोंडी परीक्षा, सहामाही, या सर्वांचे मिळून होणारे गुण. तेथे एखादा दिवस वाईट गेला तरी भरून काढता येतो. बाद फेरी म्हणजे मॅट्रिकची परीक्षा. त्या तीन तासांत हात कापला, की वर्षभराची हुशारी वहीतच राहते. आता या दोन परीक्षांत पहिला येणारा विद्यार्थी किती वेळा एकच निघाला? २०१९-२० ते २०२४-२५ या सहा हंगामांत ढाल आणि चषक हे दोन्ही एकाच संघाला केवळ दोनदा मिळाले: २०२०-२१ मध्ये मुंबई सिटीला आणि २०२४-२५ मध्ये मोहन बागानला. उरलेल्या चार हंगामांत ढाल एका घरी गेली व चषक दुसऱ्या. म्हणजे या दोन परीक्षा निराळे गुण तपासतात, हे उघड आहे.

आता लोबेराची हकीकत पाहू. हा स्पेनचा प्रशिक्षक २०१७ साली गोव्यास आला. गोलरक्षकापासूनच चेंडू आखूड पासांनी पुढे न्यायचा, तो शक्यतो आपल्याकडेच ठेवायचा आणि प्रतिस्पर्ध्याला त्याच्यामागे धावावयास लावायचे, ही त्याची रीत. या रीतीचा कणा म्हणजे मोरोक्कोचा मध्यरक्षक अहमद जाहू. बचावफळीच्या अगदी पुढे उभे राहून तो चेंडू मागून घेई आणि हव्या त्या बाजूस लांब धाडून देई. पाठीशी सेनेगलचा उंचपुरा मुर्तदा फॉल. कॉर्नरच्या वेळी हाच फॉल पुढे जाऊन डोक्याने गोल करी. पुढे ह्यूगो बुमूस. डाव्या बाजूस गोव्याचाच मंदार राव देसाई. या संघाने २०१९ साली सुपर कप जिंकला.

जानेवारी २०२० च्या अखेरीस, साखळीतील केवळ तीन सामने उरले असता आणि संघ अग्रस्थानी असता, लोबेरास पदावरून दूर करण्यात आले. गोव्याचाच माजी खेळाडू क्लिफर्ड मिरांडा याने सूत्रे हाती घेतली. उरलेले तिन्ही सामने संघाने जिंकले, जमशेदपूरचा ५-० असा पाडाव करून ती पहिली ढाल मिळविली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय संघ होण्याचा मान पटकावला. येथवर पाहता गुरू बदलल्याने काही बिघडले, असे म्हणता येत नाही.

परंतु उपांत्य फेरीत गाठ पडली चेन्नईयिन संघाशी. या संघानेही त्याच हंगामात प्रशिक्षक बदलला होता. हंगामाच्या आरंभी तो तळाच्या बाजूस घसरला होता. डिसेंबर २०१९ मध्ये ओवेन कॉयल हा स्कॉटिश प्रशिक्षक आला आणि पाहता पाहता तो पहिल्या चारांत येऊन बसला. चेन्नईच्या सामन्यात त्याने गोव्यावर ४-१ अशी मात केली. फातोर्ड्यास गोव्याने ४-२ असा विजय मिळविला खरा, पण बेरीज ६-५ अशी चेन्नईच्या बाजूने पडली. साखळीत एखादा सामना १-४ असा हरला तर तीन गुण जातात आणि प्रकरण मिटते. बाद फेरीत तो पराभव दुसऱ्या सामन्याच्या पाठीवर बसून येतो. हा पहिला धडा.

पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये लोबेरा मुंबईस गेला. त्याच्या पाठोपाठ जाहू, फॉल, बुमूस आणि मंदार राव देसाई हे चौघेही मुंबईच्या संघात दाखल झाले. ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयाची. नवा प्रशिक्षक आपली रीत शिकवावयास लागतो, तेव्हा खेळाडूंना ती अंगवळणी पडेपर्यंत एरवी महिनोन्महिने जातात. मुंबईला ते महिने लागले नाहीत. ज्यांना ती रीत पाठ होती, ते चार विद्यार्थीच मास्तरांबरोबर आले होते. महामारीमुळे तो सारा हंगाम गोव्यातच, प्रेक्षकांविना खेळला गेला. मुंबई आणि एटीके मोहन बागान यांचे प्रत्येकी ४० गुण झाले आणि परस्परांतील सामन्यांच्या निकालावर ढाल मुंबईकडे गेली.

उपांत्य फेरीत मुंबईसमोर उभा होता गोवाच. आता गोव्याचा प्रशिक्षक होता हुआन फेरांडो, तोही स्पेनचा, आणि चेंडू आपल्याकडे ठेवण्याच्या त्याच पंथातला. पहिला सामना २-२ असा सुटला. मुंबईचे दोन्ही गोल बुमूस आणि फॉल यांनी, म्हणजे गोव्याच्याच जुन्या गड्यांनी केले. दुसऱ्या सामन्यात नव्वद मिनिटे आणि जादा वेळ संपला तरी कोणाचाच गोल झाला नाही. मग एक चमत्कारिक गोष्ट घडली. पेनल्टी अगदी तोंडावर आल्या असता दोन्ही प्रशिक्षकांनी आपापले गोलरक्षक बदलले. मुंबईने अमरिंदर सिंगच्या जागी फुर्बा लाचेन्पास आणले, गोव्याने धीरज सिंगच्या जागी नवीन कुमारास. शेवटी मुंबईने ६-५ अशी सरशी केली, आणि अंतिम सामन्यात मोहन बागानला २-१ असे हरवून चषक नेला. तो निर्णायक गोल बिपिन सिंगने अगदी नव्वदाव्या मिनिटास केला.

गोलरक्षक बदलण्याचा हा डाव वरवर पाहणाऱ्यास विचित्र वाटेल. दोन तास उत्तम खेळलेला माणूस बाहेर काढून थंड अंगाचा माणूस आत का आणावा? परंतु पेनल्टी अडविणे ही एक वेगळी कला आहे. मारणारा पाय कोठे ठेवतो, नजर कोठे नेतो, हे हेरून क्षणात झेप घ्यावी लागते. शिवाय, मारावयास येणाऱ्याने ज्याला दोन तास पाहिले त्याच्या जागी अनोळखी माणूस दिसला, की त्याचे आडाखे थोडे डळमळतात. बाद फेरीचा प्रशिक्षक हा असा असावा लागतो. सुंदर खेळ शिकविणे हे त्याचे अर्धे काम. अखेरच्या घटकेस कोण उभा असावा हे आधीच ठरवून ठेवणे हे उरलेले अर्धे.

फेरांडोचेही पुढे तेच झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याने गोव्याला ड्युरँड कप मिळवून दिला, आणि डिसेंबरात, हंगाम ऐन भरात असता, करारात ठरलेली रक्कम भरून मोहन बागानने त्याला उचलून नेले. गोवा त्या वर्षी नवव्या स्थानावर घसरला. मार्च २०२३ मध्ये फेरांडोच्या संघाने फातोर्ड्यास बंगळुरूशी २-२ अशी बरोबरी करून पेनल्टींवर चषक जिंकला.

न्यायाने पाहू जाता, या व्यवहारात गोव्याचा हातही अगदी कोरा नाही. मानोलो मार्केझ या प्रशिक्षकाने २०२२ साली हैदराबादला चषक जिंकून दिला होता; २०२३ साली तो गोव्याकडे आला. गुरूंची ही ये-जा सर्वच संघांत चालते. म्हणून प्रश्न गुरू गेल्याचा नसून, गुरू गेल्यावर मागे काय उरते हा आहे. या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर २०२३-२४ च्या हंगामाने दिले.

त्या हंगामात मुंबई आणि मोहन बागान या दोन्ही बलाढ्य संघांनी मध्येच प्रशिक्षक बदलले. मुंबईचा देस बकिंगहॅम नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडातील ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेला. त्याच्याच हाताखाली आदल्या हंगामात मुंबईने ४६ गुण मिळवून ढाल जिंकली होती आणि तरीही उपांत्य फेरीत बंगळुरूकडून पेनल्टींवर ९-८ असा पराभव पत्करला होता. त्याच्या जागी पेत्र क्रात्की आला. बकिंगहॅम आणि क्रात्की हे दोघेही ऑस्ट्रेलियातील मेलबर्न सिटीत साहाय्यक होते. मेलबर्न आणि मुंबई हे दोन्ही संघ तेव्हा एकाच मालकी समूहातले होते. म्हणजे मास्तर नवे, पण पोथी जुनीच. तिकडे मोहन बागानने जानेवारी २०२४ मध्ये फेरांडोस निरोप दिला आणि अंतोनिओ हबास या आपल्या जुन्या, खाष्ट, बचावाला अग्रमान देणाऱ्या प्रशिक्षकास पुन्हा बोलाविले.

१५ एप्रिल २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर साखळीचा अखेरचा सामना या दोघांत झाला. मुंबईस ढालीसाठी बरोबरी पुरेशी होती. मोहन बागानने २-१ असा विजय मिळवून ढाल नेली. एकोणीस दिवसांनी, ४ मे रोजी, त्याच मैदानावर तेच दोन संघ अंतिम सामन्यास उभे राहिले. मध्यंतरापूर्वी मोहन बागानने एक गोल चढविला. उत्तरार्धात मुंबईने तीन गोल करून ३-१ असा चषक जिंकला. मुंबईस आघाडीवर नेणारा दुसरा गोल कोणी केला? त्याच बिपिन सिंगने, ज्याने २०२१ सालचा निर्णायक गोल केला होता. आणि गोलात कोण उभा होता? तोच फुर्बा लाचेन्पा, ज्याला लोबेराने पेनल्टींच्या वेळी आत आणले होते. तीन वर्षांत लोबेरा गेला, बकिंगहॅम आला व गेला, क्रात्की आला. परंतु संघाचा हा भारतीय कणा जागच्या जागी राहिला. परदेशी गुरू बदलत राहिले आणि कसोटीच्या क्षणाचा अनुभव मात्र संघातच साठत गेला.

गोव्याच्या शौकिनास या साऱ्याचा प्रत्यय त्याआधीच, दहा दिवसांपूर्वी, अतिशय निष्ठुरपणे आला होता. साखळीत तिसरा आल्यामुळे गोव्यास २० एप्रिल रोजी चेन्नईयिनशी बादचा सामना खेळावा लागला. तो त्याने २-१ असा जिंकला. चारच दिवसांनी, २४ एप्रिलला, फातोर्ड्यास मुंबईशी उपांत्य फेरीचा पहिला सामना. मुंबई साखळीत दुसरी आल्याने १५ तारखेपासून नऊ दिवस विसावलेली. गोव्याने दोन गोल चढविले आणि नव्वदावे मिनिट उजाडेपर्यंत २-० अशी आघाडी राखली. प्रेक्षकांनी विजय धरूनच चालला होता. त्यानंतर शिट्टी वाजेपर्यंतच्या थोड्या मिनिटांत मुंबईने तीन गोल केले. दोन लालियनझुआला छांगटेने, एक विक्रम प्रताप सिंगने. सामना ३-२ असा मुंबईचा झाला. पुढच्या आठवड्यात मुंबईत २-० असा आणखी एक पराभव झाला आणि गोव्याचे आव्हान संपले.

असे का होते? दमलेले पाय हे एक कारण संभवते. चार दिवसांच्या आणि नऊ दिवसांच्या विश्रांतीतला फरक ऐंशी मिनिटे झाकून राहतो, नंतर तो दिसू लागतो. साखळीत वरचे स्थान मिळविण्याचे खरे मोल येथे कळते. दुसरे कारण मनाचे. आघाडीवर असलेला संघ न कळत एकेक पाऊल मागे सरतो. चेंडू स्वतःकडे ठेवण्याऐवजी तो दूर भिरकावून देऊ लागतो. भिरकावलेला चेंडू पुन्हा प्रतिस्पर्ध्याकडेच जातो आणि हल्ल्यावर हल्ले येत राहतात. ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काही उरले नाही, तो मात्र ताज्या दमाचे राखीव खेळाडू आणून दोन्ही कडांनी धावत सुटतो. एक गोल झाला, की मागे सरलेल्या संघाचा धीर सुटतो, आणि दुसरा गोल पहिल्याच्या बोटाला धरून येतो.

फातोर्ड्यास हे दृश्य नवीन नव्हते. २० डिसेंबर २०१५ रोजी, झिकोच्या कारकीर्दीत, याच मैदानावर अंतिम सामन्यात गोवा ८७व्या मिनिटास २-१ असा पुढे गेला होता. नव्वदाव्या मिनिटास चेन्नईयिनची बरोबरी झाली, तीही गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी याच्या नावावर लागलेल्या स्वयंगोलाने. आणि लगेच मेंडोझाने तिसरा गोल करून चषक हिरावून नेला. २०१५ चा प्रशिक्षक वेगळा, २०२४ चा वेगळा. खेळाडूही जवळजवळ सगळे वेगळे. तरी घाव एकाच जागी बसला. तेव्हा हा दोष कोणा एका गुरूच्या माथी मारता येत नाही, किंवा गेलेल्या गुरूबरोबर विजयही गेला असे म्हणून सुटताही येत नाही.

कट्टीमनीची पुढची कथा या विषयास पुष्कळ प्रकाश देते. गोव्याचाच हा गोलरक्षक पुढे हैदराबादकडून खेळू लागला. २० मार्च २०२२ रोजी, त्याच फातोर्ड्यास, केरळ ब्लास्टर्सविरुद्धचा अंतिम सामना १-१ असा बरोबरीत सुटून पेनल्टींवर गेला. कट्टीमनीने तीन पेनल्टी अडविल्या आणि हैदराबादने ३-१ असा चषक जिंकला. सहा वर्षांपूर्वी ज्या मैदानावर त्याच्या नावे तो दुर्दैवी गोल लागला, तेथेच त्याच्या हातांनी विजय खेचून आणला. अखेरच्या घटकेस स्थिर राहण्याची विद्या शिकता येते, याचा याहून चांगला पुरावा शोधावयास नको. पण ती शिकावयास वर्षे लागतात, त्यात काही घाव सोसावे लागतात, आणि ते घाव सोसलेला माणूस संघात असावा लागतो. गोव्याच्या दुःखाचा मर्मभाग हाच, की त्याने सोसलेल्या घावांचे शहाणपण पुष्कळदा दुसऱ्यांच्या गोलात उभे राहिले.

म्हणून प्रतिस्पर्ध्याने नवा प्रशिक्षक नेमल्याची वार्ता आली, तर जाणत्या शौकिनाने त्याचे नाव आणि पूर्वीचे पराक्रम एवढेच विचारून थांबू नये. त्याच्याबरोबर कोणते खेळाडू येत आहेत, आधीच्या प्रशिक्षकाची रीत तो पुढे चालविणार की मोडणार, आणि त्या संघात पूर्वी पेनल्टींवर वा अखेरच्या मिनिटास जिंकलेले अथवा हरलेले किती गडी अजून शिल्लक आहेत, हे तीन प्रश्न त्याने विचारावेत. या तिहींची उत्तरे मिळाली, तर एप्रिलमध्ये काय घडेल याचा अंदाज त्याला गुणांच्या तक्त्यापेक्षा अधिक चांगला करता येईल. आणि हेच तीन प्रश्न त्याने आपल्या स्वतःच्या संघाच्या चालकांनाही, हंगाम सुरू होण्यापूर्वीच, मोठ्याने विचारावेत. प्रेक्षक तिकिटाचे पैसे देतो, पावसात भिजतो, पराभवानंतर रात्री उशिरा मडगावच्या रस्त्याने मुकाट्याने घरी जातो. एवढे विचारण्याचा अधिकार त्याला निश्चित आहे.